शार्ङ्गदेवाच्या स्वरलिपींतील शिरोबिंदू

अंबेजोगाईचे खोलेश्वराचे शिलालेख आमच्या बीड जिल्ह्यांतील संशोधकांस सुपरिचित आहेत. खोलेश्वर ज्या सिंघण यादवाचा सेनापति, त्याच राजाच्या आश्रयास देवगिरीस शार्ङ्गदेव होता. घराणें मूळचें काश्मीरचें. स्वतः श्रीकरणाधिप, म्हणजे हिशेबखात्याचा मुख्य. त्याच्या ‘संगीतरत्नाकरां’त गीतें स्वराक्षरांसह लिहून दिलीं आहेत. त्या अक्षरांच्या माथ्यावरील चिन्हें ही पोथी वाचणारांची मोठी अडचण होय.

ग्रंथकाराचा नियम स्पष्ट आहे. मध्य स्थानाचा स्वर चिन्हरहित, मंद्राच्या शिरावर बिंदू, ताराच्या शिरावर उभी रेघ. पं. भातखंडे यांच्या रूढ लिपींत वरचा बिंदू ताराचा व खालचा मंद्राचा. त्या संवयीनें रत्नाकर वाचणारा मंद्र स्वरास दोन सप्तकें वर नेऊन बसवितो. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनीं मात्र जुनाच संकेत ठेविला, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं.

याहून सूक्ष्म घोटाळा लेखकूंच्या हातून संभवतो. नागरींत शिरोबिंदू म्हणजे अनुस्वार. स्वरांच्या ओळीखालीं गीताचीं पदें असतात व त्यांवर खरे अनुस्वार असतात. संगीत न जाणणारा लेखकू स्वरावरील बिंदूहि अनुस्वारच समजला व निरर्थक म्हणून त्यानें तो गाळला, तर नवल नाहीं. परंतु तेवढ्यानें स्वर एक सप्तक चढतो.

ताळा पाहण्याची सोय ग्रंथांतच आहे. जातीच्या तेरा लक्षणांत तार व मंद्र हीं असून वर-खालीं किती जावें याची मर्यादा सांगितली आहे. चिन्हित स्वर मर्यादेबाहेर गेला कीं पाठ संशयित. गळालेला बिंदू मात्र या कसोटीस सांपडत नाहीं, कारण मध्य स्थान कोणत्याच जातीस वर्ज्य नाहीं. तेथें दुसरी पोथीच हवी. म्हणून मंगेश रामकृष्ण तेलंग यांनीं संपादिलेली आनंदाश्रमाची १८९६-९७ ची मुद्रित प्रत हाताशीं असतांहि घरोघरच्या त्रुटित पोथ्यांचें मोल उणें होत नाहीं.

तालाध्यायांत लघूची उभी रेघ दंडाशीं व द्रुताचें शून्य अंकाशीं मिसळतें, पण मात्रांची बेरीज केली कीं गुंता सुटतो. हिशेबनिसाच्या ग्रंथास हें शोभतेंच.

दक्षिणेंत पुदुकोट्टईजवळ कुडुमियामलै येथें सातव्या शतकाच्या लिपींतील संगीतविषयक शिलालेख आहे. त्यांत एकाच स्वराचीं र, रि, रु, रे अशीं रूपें असून कांहीं अक्षरांवर बिंदूहि आहेत. त्यांच्या अर्थाविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. तेथें मंद्राचा नियम लावण्याचा मोह होतो. परंतु मध्यें सुमारें सहा शतकें गेलीं आहेत, आणि रत्नाकराचा संकेत तितका जुना असल्याचें प्रमाण आधीं दाखविलें पाहिजे.