सर्पगंधेची मात्रा

झाडपाल्याचे औषध गुण देते, अपाय करीत नाही, असे आपण सहज म्हणतो. सर्पगंधेचा इतिहास निराळे सांगतो. ही मुळी आपले वैद्य पूर्वापार वापरीत आले. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाब वाढलेल्या ५० रोग्यांना देऊन पाहिली व १९४९ साली आपली निरीक्षणे ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केली. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील बाझल येथे तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले.

ते कार्य कसे करते? मज्जातंतूंच्या टोकांशी नॉरअॅड्रेनॅलिन साठवलेले असते. ते सुटले की रक्तवाहिन्या आकसतात. रिसर्पिन ही साठवणच होऊ देत नाही. साठा आटतो, वाहिन्या सैलावतात, दाब उतरतो. परंतु असाच साठा मेंदूतही आटतो. मोठ्या मात्रेने काही रोग्यांना औदासीन्य आल्याच्या नोंदी झाल्या. गुण आणि अपाय, दोहोंचे मूळ एकच! शिवाय कोणत्या मुळीत द्रव्य किती, हे डोळ्यांना दिसत नाही. तेव्हा औषध झाडाचे की कारखान्याचे, हा प्रश्न दुय्यम होय. ते शरीरात काय करते आणि किती घेतल्याने करते, हे आधी जाणत्याला विचारावे.