लोकमान्यांची ‘होमरूल स्पेशल’ आणि लखनौ

मुंबईहून पुष्पक एक्स्प्रेसने येणाऱ्या मराठी कुटुंबास लखनौ जवळ आल्याची खूण अमौसी स्थानकाच्या फलकाने पटते. वळकट्या-पेट्या आवरण्याची लगबग तेथूनच सुरू होते. आज अमौसी म्हटले की विमानतळ, आणि २०१९ साली त्याच्यापर्यंत पोहोचलेली मेट्रो, हेच डोळ्यांपुढे येते. पण कानपूर-लखनौ लोहमार्ग १८६७ सालचा आहे. लखनौवासी मराठी मंडळींनी ज्या एका गाडीचे स्मरण अवश्य ठेवावे असे आम्हांस वाटते, ती १९१६ च्या डिसेंबरातील ‘होमरूल स्पेशल’ होय.

१९०७ साली सुरतेस काँग्रेस दुभंगली आणि जहाल पक्ष बाहेर पडला. पुढे मंडालेची सहा वर्षे गेली. १९१४ साली लोकमान्य सुटून आले, १९१५ च्या मुंबई अधिवेशनात घटना बदलून जहालांना दार उघडले गेले, आणि एप्रिल १९१६ मध्ये बेळगावास टिळकांची होमरूल लीग स्थापन झाली. लखनौचे अधिवेशन म्हणजे नऊ वर्षांनंतर स्वगृही परतणे होते. मात्र परतणाऱ्याने एकट्यादुकट्याने यायचे की सर्व गोतावळ्यासह, हा प्रश्न होता. टिळकांनी पश्चिम हिंदुस्थानातील आपल्या अनुयायांसाठी आख्खी गाडीच राखून घेतली. कोणी तिला ‘काँग्रेस स्पेशल’ म्हणत, कोणी ‘होमरूल स्पेशल’.

ही केवळ मिरवणुकीची हौस होती असे समजणे चूक ठरेल. स्पेशल गाडीस वेळापत्रकात स्वतःची जागा नसते. नेहमीच्या गाड्यांमधील फटीतून तिला वाट काढून द्यावी लागते, आणि डबे भरोत वा न भरोत, भाड्याची जबाबदारी मागणाऱ्याने उचलावी लागते. त्यातून तो महायुद्धाचा काळ. एवढी यातायात कशासाठी? तर काँग्रेसचा खरा कारभार विषयनियामक समितीत चाले, आणि तिचे सभासद प्रत्येक प्रांताचे प्रतिनिधी मतांनी निवडत. वेगवेगळ्या गाड्यांनी, वेगवेगळ्या दिवशी पोहोचणारे प्रतिनिधी मतदानाच्या वेळी हाताशी असतीलच असे नाही. एका गाडीतून आलेले असतात. प्रवासात त्यांचे विचारही जुळलेले असतात. मुंबई इलाख्याच्या निवडणुकीत टिळकपक्षाचे बहुमत इतके भक्कम ठरले की, गांधीजींचे नावही मागे पडले आणि टिळकांनीच त्यांना निवडून आल्याचे जाहीर केले, अशी आठवण नमूद आहे. आमच्या मते त्या बहुमताचे बरेचसे श्रेय गाडीच्या योजनेस द्यावयास हवे.

याउलट स्थानकावरची योजना पार कोसळली. स्वागत समितीतील मवाळ मंडळींचा बेत असा की, टिळकांचे स्वागत स्थानकावरच उरकावे, शहरातून मिरवणूक निघू देऊ नये, मोटारीने त्यांना मुक्कामी पोहोचवावे. कागदावर बेत निर्दोष होता; फक्त माणसे हिशेबात धरलेली नव्हती! शहाजहानपूरचा एक तरुण मोटारीपुढे आडवा पडला. एका एम. ए. च्या विद्यार्थ्याने त्याचेच अनुकरण केले. कोणीतरी मोटारीचे टायर कापले. लोकमान्यांनी समजावून पाहिले, पण ऐकतो कोण? भाड्याची एक घोडागाडी आणून तिचे घोडे सोडले गेले, आणि लोकमान्यांना तीत बसवून तरुणांनी ती हातांनी ओढत नेली. ही हकीकत त्या आडव्या पडलेल्या तरुणाने, रामप्रसाद बिस्मिल यांनी, आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. नऊ वर्षांनी, ९ ऑगस्ट १९२५ रोजी, लखनौजवळच काकोरीस सरकारी खजिन्याची गाडी अडविणारे बिस्मिल ते हेच. १९ डिसेंबर १९२७ रोजी गोरखपूरच्या तुरुंगात ते फासावर गेले.

अधिवेशनात काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांचा करार संमत झाला, हे सर्वश्रुत आहे. अधिवेशन आटोपताच त्याच मंडपात दोन्ही होमरूल लीगांची संयुक्त सभा भरली. हजाराहून अधिक प्रतिनिधी तीस थांबले. टिळक आणि ॲनी बेझंट दोघेही बोलले. परतताना मात्र टिळकांनी घरची थेट वाट धरली नाही. जानेवारी १९१७ च्या आरंभी गंगेपलीकडे कानपुरास त्यांची स्वराज्यावरील सभा झाली, आणि तेथून पुढे गावोगाव दौरा सुरू झाला.