जुन्या व्हॅनमधून पेट्रोल गळतंय? साबण लावून भागवू नका, गळती शोधायची आणि दुरुस्तीची पद्धत जाणून घ्या

गावाकडे जुनी मारुती व्हॅन आजही जोरात वापरात आहे. शाळेची पोरं, बाजाराचा माल, लग्नाचं वऱ्हाड, सगळं तिच्यातूनच जातं. काही जण मागची सीट काढून गादी टाकतात, शेगडी आणि पाण्याचा कॅन ठेवतात आणि पंढरपूर, तुळजापूरला मुक्कामी निघतात. १९८४ साली आलेली ही गाडी पुढे ओम्नी नावाने ओळखली गेली आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. त्यामुळे आज रस्त्यावर असलेल्या अनेक व्हॅनचे रबरी पाइप पार जुने झालेले आहेत. गाडीत पेट्रोलचा वास येतोय, पण 'चालतंय की' म्हणून दिवस ढकलले जातात. इथेच धोका आहे.

व्हॅनमध्ये धोका जास्त का?

या गाडीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. तिथे गळती झाली तर वाफ थेट माणसं बसतात तिथे येते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती उडून जात नाही, तळाशी साचते. हवेत साधारण दीड टक्का वाफ झाली तरी एका ठिणगीवर पेट घेते. ही ठिणगी स्टार्टरची, सैल वायरची किंवा मागे पेटवलेल्या शेगडीचीही असू शकते. वास येत असेल तर गाडीत शेगडी पेटवू नका. सिलिंडर आधी बाहेर काढा.

पाइप का फुटतात?

रबर उन्हाने आणि इंजिनच्या उष्णतेने कडक होतं, मग त्याला तडे जातात. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या गाड्यांचं रबर अशा इंधनासाठी बनवलेलं नव्हतं, ते फुगतं किंवा ठिसूळ होतं. इथेनॉल पाणीही ओढून घेतं. गाडी महिनोन् महिने उभी राहिली तर टाकी आणि लोखंडी पाइप आतून गंजतात.

वासावरून जागा ओळखा

• टाकी फुल्ल केल्यावरच वास येतो : टाकीच्या तोंडाचा मोठा रबरी पाइप किंवा टाकीचा वरचा भाग तपासा.
• इंजिन चालू असतानाच वास येतो : पंप, फिल्टर आणि कार्बोरेटरकडे जाणारे पाइप बघा.
• कार्बोरेटरमधून पेट्रोल वाहतं, काळा धूर येतो : फ्लोटची नीडल कचऱ्याने अडकली असेल किंवा झिजली असेल.
• ऑइलची पट्टी काढली की पेट्रोलचा वास येतो, ऑइलची पातळी वाढलेली दिसते : इंजिनवरच्या पंपाचा पडदा फाटला असण्याची शक्यता आहे. ही गाडी अजिबात चालवू नका. पंप आणि ऑइल दोन्ही बदला.

पेट्रोल लगेच उडून जातं, त्यामुळे थेंब दिसेलच असं नाही. रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा टाकून ठेवा. सकाळी त्यावरचा डाग कुठल्या भागाखाली आहे ते बघा. पाइपवर धूळ ओली होऊन चिकटलेली दिसली तर गळती तिथेच किंवा तिच्या थोडी वर असते. लोखंडी पाइप पट्टीने धरलेला असतो तिथे चिखल साचतो आणि तिथेच तो आधी सडतो.

काम सुरू करण्याआधी

१. गाडी उघड्यावर, सावलीत आणि चुलीपासून लांब लावा. खड्ड्यावर किंवा बंद शेडमध्ये काम करू नका.
२. इंजिन पूर्ण गार होऊ द्या. टाकीचं झाकण उघडून दाब काढा.
३. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.
४. विडी, काडेपेटी, मोबाइल आणि वायरचा बल्ब लांब ठेवा. बॅटरी लागणार असेल तर ती लांबच चालू करून आणा.
५. एबीसी पावडरचं अग्निशामक किंवा वाळूची बादली हाताशी ठेवा. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारू नका. पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग पसरते.

पेट्रोल काढताना पाइप तोंडाने ओढू नका. छातीत गेलं तर जीवावर बेततं. पेट्रोल धातूच्या झाकणबंद डब्यात साठवा, पाण्याच्या बाटलीत नाही.

पाइप बदलायची पद्धत

जुन्या पाइपचा तुकडा दुकानात घेऊन जा आणि आतल्या मापाचाच पाइप मागा. पाइप पेट्रोलसाठीचाच हवा. त्यावर 'एसएई जे३० आर९' असं छापलेलं असेल तर तो इथेनॉललाही टिकतो. फवारणी पंपाचा, पाण्याचा किंवा पारदर्शक प्लॅस्टिकचा पाइप चालत नाही.

नवा पाइप धारदार ब्लेडने सरळ कापा. नळीवर निदान दोन-अडीच सेंटीमीटर चढवा आणि क्लिप नळीच्या उंचवट्याच्या मागे बसवा. बांधायची तार वापरू नका, ती रबर कापते. क्लिपही फार आवळू नका. पाइप सायलेन्सरला टेकणार नाही, कुठे मुडपणार नाही, हे बघा. फिल्टर बदलताना त्यावरचा बाण टाकीकडून इंजिनकडे असावा. एक पाइप फुटला म्हणजे बाकीचेही त्याच वयाचे आहेत. परतीच्या पाइपासह सगळे एकदमच बदला.

हे काम घरी करू नका

• टाकीला वेल्डिंग : रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण तिच्यात वाफ आणि हवा मिसळलेली असते. साबण किंवा एम-सील गॅरेजपर्यंत जाण्यापुरतंही भरवशाचं नाही. सडलेली टाकी बदललेलीच बरी.
• एमपीएफआय गाडी : हिच्या पाइपमध्ये दाब बराच जास्त असतो. पाइप सोडला की पेट्रोलची पिचकारी उडते. दाब कसा काढायचा हे जाणणाऱ्या मेकॅनिककडेच जा.
• गॅस किट : एलपीजी किंवा सीएनजीचा पाइप, व्हॉल्व्ह याला अधिकृत फिटरशिवाय कुणी हात लावू नये.

काम झाल्यावर तपासा

सांडलेलं पेट्रोल पुसून घ्या, फडकी उघड्यावर वाळवा. वास पूर्ण गेल्यावरच बॅटरी जोडा. इंजिन दहा मिनिटं चालू ठेवून प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद धरा. मग चार-पाच किलोमीटर फिरवून पुन्हा बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुठ्ठा कोरडा असेल तरच माणसं बसवा.

रस्त्यात अचानक जोराचा वास आला तर गाडी कडेला घ्या, चावी बंद करा आणि आधी पोरांना, म्हाताऱ्यांना उतरवून लांब न्या. 'घर जवळच आहे' म्हणून पुन्हा स्टार्टर मारू नका. गाडी ओढत किंवा टेम्पोत घालून गॅरेजला नेता येते.