ओवी परत नेताना

मौखिक साहित्याच्या संकलनाचा इतिहास आपण लिहितो. पण संकलित झालेले ज्यांचे होते, त्यांच्याकडे ते परत गेले की नाही, याचा इतिहास सहसा लिहीत नाही. समाजमाध्यमांमुळे लोकसहभागी संशोधन सुकर झाले, असे हल्ली म्हटले जाते. हे विधान तपासून पाहण्यासाठी जात्यावरच्या ओव्यांइतके बोलके उदाहरण मराठीत क्वचितच सापडेल.

साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये ओव्या एकत्र केल्या, पुढे सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारे फार मोठा ठेवा छापील रूपात आणला. या कामांचे ऋण आपण सारेच मानतो. मात्र ओव्या विषयवार लावाव्यात आणि गाणारी बाई ‘लोक’ या सामूहिक नामात विरून जावी, अशीच संकलनाची रूढ रीत होती.

१९८०च्या दशकात ही रीत बदलू लागली. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ हे पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागात गरीब डोंगरी संघटनेबरोबर काम करीत होते. संघटनेतल्या बायका स्वतःच्या जगण्याविषयी बोलू लागल्या, तेव्हा बोलता बोलता ओव्या आल्या. त्या उतरवून घेण्यात गावातल्याच स्त्री-पुरुष कार्यकर्त्यांचा मोठा वाटा होता. ओवीसोबत गाणारणीचे नाव आणि गाव नोंदले गेले. पाहता पाहता हजाराहून अधिक गावांतून लाखाच्या वर ओव्या जमल्या. १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांतील काहींचे ध्वनिमुद्रण झाले आणि संगणकीय कोश आकारास आला.

या साऱ्यात समाजमाध्यम कोठेही नव्हते, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते. जे झाले ते पायपिटीने आणि वर्षानुवर्षांच्या परिचयाने झाले. ज्या बाईने सासुरवासाची ओवी सांगितली, तिने ती अनोळखी संशोधकाला नव्हे, बैठकीत शेजारी बसणाऱ्या बाईला सांगितली होती.

समाजमाध्यमाचा प्रवेश झाला तो पुढच्या टप्प्यावर. २०१४ साली सुरू झालेल्या ‘पारी’ने, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियाने, २०१७पासून या ओव्या आवाज, संहिता, अनुवाद आणि छायाचित्रांसह प्रकाशित करण्यास आरंभ केला. त्यासाठी कार्यकर्ते गाणारणींकडे पुन्हा गेले. यूट्यूब आणि फेसबुक यांसारख्या माध्यमांमुळे या ओव्या वहीबाहेर, संस्थेच्या कपाटाबाहेर पडल्या. आजीचा आवाज नातवाला त्याच्या मोबाइलवर ऐकता येणे आता शक्य झाले. बाबासाहेबांवरच्या ओव्या ऐकताना आपल्या समीक्षेलाही हे मान्य करावे लागते की, दळणाऱ्या बाईला इतिहासाचे भान होते, आणि ते तिने स्वतःच्या शब्दांत मांडले होते.

तरीही एक पेच उरतो. जाते ही गाणारणीची सखी होती. पहाटे, घर झोपेत असताना, जे माणसांना सांगता येत नाही ते ती दगडाला सांगे. घरघरीत ते बुडूनही जाई. भावजयीचा अबोला, नवऱ्याचा जाच, माहेरची तुटलेली वाट हे सारे त्या आडोशाला फुटलेले शब्द होते. व्हॉट्सॲपवर तीच ओवी तुकड्यातुकड्याने फिरू लागते तेव्हा आडोसा जातो, आणि पहिल्या दोन-तीन हातांतच नाव आणि गावही गळून पडते. ज्या अनामिकतेतून गाणारणीला एवढ्या कष्टाने बाहेर काढले, तिच्यातच ती पुन्हा लोटली जाते. या खेपेस ग्रंथाने नव्हे, गतीने.

म्हणून लोकसाहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे आम्ही क्रमाचा प्रश्न ठेवू इच्छितो. समूहावर आवाहन टाकून आठवड्यात शंभर ओव्या जमवता येतील. पण कोणी, कोठे, कोणासमोर गायल्या, हे त्या शंभरांतून कळणार नाही. आधी ओळख, मग नोंद, मग गाणारणीची संमती, आणि त्यानंतर प्रसार, हा क्रम पाळला तर ही माध्यमे ओवी तिच्या घरी नेऊन पोचवू शकतात. विजेच्या गिरणीने जाते कोपऱ्यात सारले त्याला कित्येक वर्षे लोटली. गळ्यात ओवी असलेल्या पिढीतल्या बायका आता थोड्याच उरल्या आहेत, आणि ‘ही माझी ओवी’ असे त्यांना त्यांच्या हयातीतच म्हणता यायला हवे.