एअर कॉम्बो
लढतीच्या व्हिडिओ गेममध्ये प्रतिस्पर्ध्याला हवेत उडवून, तो जमिनीवर पडायच्या आत मारलेली सलग फटक्यांची मालिका. कॉम्बोचा उगम कॅपकॉमच्या ‘स्ट्रीट फायटर २’मध्ये (१९९१) जवळपास अपघातानेच झाला; पण हवेतल्या फटक्यांना खरी रंगत आणली ती नामकोच्या ‘टेकन’ मालिकेने (१९९४ पासून). महाराष्ट्रात व्हिडिओ गेम पार्लरांमधल्या ‘मुस्तफा’ (‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, १९९३) आणि ‘टेकन ३’वर कित्येक पोरांचा हात बसला.

‘टेकन’मध्ये कंट्रोलरची चार बटणे म्हणजे दोन हात, दोन पाय. जिन काझामा या पात्राचा, प्रतिस्पर्ध्याला हवेत उडवणारा ‘इलेक्ट्रिक’ ठोसा पाहावा: पुढे, मग दिशा सोडायची, खाली, आणि तिरके खाली-पुढे जाताना त्याच क्षणी उजवा ठोसा. गेम सेकंदाला ६० फ्रेम (चित्रे) या वेगाने चालतो; शेवटची दिशा आणि बटण एकाच फ्रेममध्ये पडले तरच वीज चमकते. प्रतिस्पर्धी हवेत उडाल्यावर पुढच्या प्रत्येक फटक्याचा मार कमी होत जातो, म्हणून लांबलचक कॉम्बोपेक्षा हमखास बसणारा कॉम्बो केव्हाही मोलाचा. सराव प्रॅक्टिस मोडमध्ये, तुकड्यातुकड्याने आणि दोन्ही बाजूंनी करावा. खेळाडू पडद्याच्या उजवीकडे गेला की दिशा उलटतात आणि नेमका तिथेच बहुतेकांचा हात चुकतो.