दुबळ्या बंधाचं मद्रासी मूळ

प्रथिनाची घडी टिकते ती अनेक दुबळ्या आकर्षणांच्या जोरावर. त्यांतला नायट्रोजनवरच्या हायड्रोजनचा बंध १९५१ मध्ये पॉलिंग यांच्या अल्फा हेलिक्सने प्रसिद्धीला आणला. पण कार्बनवरचा हायड्रोजनही शेजारच्या ऑक्सिजनला धरून ठेवतो, हे मान्य व्हायला आणखी तीन दशकं गेली. या बंधाचं कूळ शोधू लागलो, तर दोन वाटा सापडल्या आणि दोन्ही स्फटिकशास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल यांच्यापाशी पोचल्या.

पहिली वाट मद्रासची. १९५२ मध्ये बर्नाल तिथे आले आणि कोलॅजन या प्रथिनाची रचना अजून कुणाला नीट उलगडलेली नाही, असं जी. एन. रामचंद्रन यांना म्हणाले. शेजारच्या सेंट्रल लेदर रिसर्च इन्स्टिट्यूटमधून कांगारूच्या शेपटीतलं कोलॅजन मिळालं. १९५४ मध्ये रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी तीन साखळ्यांची रचना मांडली. पुढच्या वर्षी तिला तिपेडी वेणीसारखा पीळ दिला. रिच आणि क्रिक यांनी हरकत घेतली. अणू फार जवळ आलेत, शिवाय दर तीन अमिनो आम्लांमागे हायड्रोजन बंध दोन नाहीत, एकच आहे. अणू किती जवळ येऊ शकतात याचा हिशेब मग रामचंद्रन यांनी मुळापासून केला आणि साखळीच्या शक्य वळणांचा १९६३ चा त्यांचा प्रसिद्ध नकाशा निघाला. बंधांच्या संख्येत क्रिक बरोबर ठरले. जवळिकीचा प्रश्न मात्र उरलाच. १९६६ मध्ये रामचंद्रन यांच्या गटाने पॉलीग्लायसीनमधल्या कार्बनवरचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या अशा जवळिकीला सरळ बंध म्हटलं.

दुसरी वाट लंडनची. बर्नाल यांच्याच बर्कबेक कॉलेजात न्यूझीलंडच्या जून सुटर यांनी १९६२ मध्ये स्फटिकांत कार्बनवरचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्यातली अंतरं अपेक्षेपेक्षा कमी असल्याचं दाखवलं. १९६८ मध्ये जेरी डोनोह्यू यांनी तो दावा खोडून काढला. हे तेच डोनोह्यू, ज्यांच्या सल्ल्यामुळे १९५३ मध्ये वॉटसन यांना डीएनएतल्या जोड्यांचे हायड्रोजन बंध जुळवता आले! असा जाणकार नाही म्हणाल्यावर ऐकणार कोण? अखेर १९८२ मध्ये टेलर आणि केनार्ड यांनी न्यूट्रॉनच्या साहाय्याने उलगडलेल्या ११३ रचना तपासल्या आणि सुटर खऱ्या ठरल्या.

स्फटिकांपुरता पहिला मान सुटर यांचाच. प्रथिनांपुरता तो मी मद्रासला देईन, कारण साखळ्यांच्या घडीशी या बंधाचा संबंध तिथे जोडला गेला. आणि १९३३ मध्येच फाउलर यांच्यासोबत पाण्याच्या रेणूंची मांडणी उलगडणाऱ्या बर्नाल यांची नजर दोन्हीकडे उतरली, असा माझा अंदाज आहे. १९९६ मध्ये बेला आणि बर्मन यांनी कोलॅजनसारख्या पेप्टाइडचा स्फटिक तपासला, तेव्हा तिन्ही साखळ्यांच्या मधोमध हेच बंध सापडले.