दम, धमनी आणि पंप

बालाघाट हे नावच निम्मं फारसी आहे. ‘बाला’ म्हणजे वरचा. आपल्या बालेकिल्ल्यात तोच दडलाय. वऱ्हाडातही घाटावरच्या मुलखाला बालाघाट आणि खालच्या सपाटीला पाईनघाट म्हणत. १८६७ साली भंडारा, मंडला आणि सिवनीचे भाग जोडून वैनगंगेकाठचा हा बालाघाट जिल्हा झाला. इथल्या घरांत पोवारी, मराठी आणि हिंदी एकमेकींत मिसळून जातात, पण छाती घरघरायला लागली की तिन्हींत शब्द एकच येतो: दमा. तोही फारसीच.

फारसीत ‘दम’ म्हणजे श्वास. ‘दमीदन’ म्हणजे फुंकणे, आणि संस्कृतातल्या ‘धम्’ या फुंकण्याच्या धातूशी त्याचं सख्खं नातं आहे. त्याच धातूची ‘धमनी’. आज धमनी म्हटलं की रक्तवाहिनी आठवते. मुळात ती फुंकायची पोकळ नळी. म्हणजे दमा आणि धमनी या दोन घरी वाढलेल्या बहिणी. धाप लागलेल्या माणसाच्या छातीचा भाता होतो असं आपण म्हणतो, तेव्हा तोच जुना लोहार आपल्या बोलण्यात बसलेला असतो.

दम्याचं औषध श्वासातून द्यावं ही कल्पनाही जुनी. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या पाचव्या अध्यायात धूमनेत्राची, म्हणजे औषधी धूर ओढायच्या नळीची, मापं दिली आहेत: विरेचनाच्या धुरासाठी २४ अंगुळं, स्नेहाच्या धुरासाठी ३२, नेहमीच्या वापरासाठी ३६. नळी सरळ, तीन पेरांची, टोकाचं भोक बोराच्या आठळीएवढं. एवढी लांबी का, तेही सांगितलंय. लांबून आलेला, पेरांमध्ये तुटलेला, नळीत विरळ झालेला धूर इंद्रियांना त्रास देत नाही. मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं. आज डॉक्टर इन्हेलरला जो प्लास्टिकचा स्पेसर जोडायला सांगतात, त्याचं कामही असंच: फवाऱ्याचा वेग मोडायचा, जाड थेंब वाटेतच गळू द्यायचे. (धूर मात्र आज दमेकऱ्याला नकोच, औषधी असला तरी.)

जाड-बारीक हाच श्वासातून औषध देण्याच्या सगळ्या संशोधनाचा गाभा. कण साधारण १ ते ५ मायक्रॉनचा असेल तर फुफ्फुसात उतरतो. मोठा घशात आपटतो, फार बारीक असेल तर उच्छ्वासासोबत परत फिरतो. बालाघाटजवळच्या भरवेलीच्या मँगनीज खाणीजवळ राहणाऱ्यांना ही गोष्ट वेगळ्या अंगाने ठाऊक असायला हवी. डोळ्यांना दिसणारी धूळ नाकात अडते. घात करते ती न दिसणारी. धूळ ज्या वाटेने आत जाते, तीच वाट औषधाने धरायची आहे. तिथे थेट पोचल्यामुळे मात्राही केवढी उतरते पाहा: साल्ब्युटामॉल या दम्यावरच्या औषधाची गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची, इन्हेलरचा एक फवारा १०० मायक्रोग्रॅमचा. म्हणजे मोठ्या गोळीचा चाळिसावा भाग.

तरीही लोक गोळीला भीत नाहीत, ‘पंपा’ला, म्हणजे इन्हेलरला, भितात. पंप लागला म्हणजे शेवटची पायरी, आता सुटायचा नाही! याला थोडा तो शब्दच जबाबदार आहे असं माझं मत आहे. पंप म्हटलं की विहिरीवरची मोटर नाहीतर पाठीवरचा फवारणीचा डबा डोळ्यांपुढे येतो. यंत्र जोर लावील, आपण नुसतं तोंड उघडायचं. १९५६ साली अमेरिकेतल्या रायकर कंपनीने आणलेल्या दाबाच्या डबीत निदान ढकलणारा वायू तरी असतो. आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या, कॅप्सूल फिरवून उघडायच्या रोटाहेलरमध्ये तोही नाही. भुकटी उचलली जाते ती फक्त रोग्याच्या ओढण्याने.

‘वाफ दिली’ हाही असाच फसवा प्रयोग. वाफ हा ‘बाष्प’चा तद्भव, गरम पाण्याची. नेब्युलायझरमधून निघतं ते औषधाचं गार धुकं. घरच्या पातेल्यातली वाफ त्याची जागा घेऊ शकत नाही. नेब्युलायझर या नावाचं मूळ लॅटिन ‘नेब्युला’, म्हणजे धुकं, आणि त्याचा आपला सगोत्र ‘नभस्’. नभही आधी धुकं-ढग होतं, आकाश मागून झालं. ‘आभाळ आलंय’ म्हणताना आपण अजून ढगच म्हणत असतो.

पंप हा शब्द आता जायचा नाही, आणि जावा असा माझा हट्टही नाही. पण तो कसा घ्यायचा हे सांगायला ‘दम’च उपयोगी पडतो. दाबाच्या डबीसाठी: आधी दम सोडा. मग डबी दाबता दाबता हळूहळू दम घ्या. मग दहा आकडे मोजेपर्यंत दम धरा. रोटाहेलर असेल तर ओढ हळू नको, जोरकस आणि खोल हवी. औषध स्टिरॉइडचं असेल तर शेवटी खळखळून चूळ भरून ती थुंकून टाकायची.